कुत्रं निवडायचं म्हणजे

बैल घ्यायचा तर आमच्या माणदेशात माणूस आधी दात बघतो. मग खूर, खांदा, शेपटीचा गोंडा, अंगावरचा भोवरा. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडाभोवती लोक अर्धा अर्धा दिवस घुटमळतात, खोंडाला चालवून बघतात, बसवून उठवून बघतात. मग उपरण्याखाली हात जातो आणि बोटं दाबून दर ठरतो. घर बांधायच्या आधी माणूस जेवढा विचार करत नाही, तेवढा बैल घ्यायच्या आधी करतो.

कुत्र्याचं तसं नसतं. आमच्याकडं कुत्रं कुणी निवडत नाही, कुत्रंच घर निवडतं. पावसाळ्यात एखादं भिजलेलं पिल्लू गोठ्यात येऊन वैरणीत झोपतं, पोरं त्याला भाकरीचा तुकडा टाकतात, झालं. दोन महिन्यांनी ते वाटंनं जाणाऱ्यावर भुंकायला लागतं आणि वस्ती आपल्या नावावर करून घेतं. मेंढपाळ तेवढे पिल्लू बघून घेतात, कारण त्यांची लक्ष्मी उघड्यावर असते. आणि ज्याला नाद असतो तो कारवान पाळतो. बाकी कुत्र्याची निवड हा काही आमचा विषय नाही.

म्हणून भाच्यानं अमेरिकेतून फोन करून विचारलं, "मामा, माळावरच्या पाखरांच्या शिकारीला लहान चणीचं कुत्रं कुठलं घ्यावं?" तेव्हा मला हसू आलं आणि मग ते हसू तिथंच थांबलं.

भाचा साउथ डकोटा नावाच्या राज्यात सू फॉल्स शहरात नोकरीला आहे. लहानपणी सुट्टीत तो आमच्या वस्तीवर असायचा. आमच्याकडं तेव्हा कारवान कुत्री होती, तिच्या मागं तो अनवाणी पळायचा. आता कामावरच्या एका गड्याबरोबर तो फेजंटच्या शिकारीला जायला लागला होता. परवाना काढला होता, बंदुकीचं शिक्षण घेतलं होतं. घर लहान, सूनबाईचं म्हणणं की वासराएवढं कुत्रं घरात नको. म्हणून लहान चणीचं पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी आक्काचा फोन. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, त्याची आई. गळ्यात माळ, दर वर्षी पंढरीची वारी. ती म्हणाली, "आरं, तू त्याला कसलंबी कुत्रं सांगू नगंस. त्यो पाखरं माराय लागलाय. तू कुत्रं सांगितलंस तर निम्मं पाप तुझ्या डोक्यावर." पोराशी तिनं महिनाभर बोलणं टाकलं होतं.

असा एकच प्रश्न दोन तोंडांनी माझ्याकडं आला. कुठलं कुत्रं, हे एक तोंड. कुत्रं सांगावं का, हे दुसरं. पहिल्याचं उत्तर शोधता शोधता दुसऱ्याचं थोडंफार हाताला लागलं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या माळावर तितर होते, अजून थोडे आहेत. हिवराच्या, बोरीच्या जाळीत रात्र काढायचे आणि उजाडायच्या आत ओरडायला लागायचे. तितराची खोड अशी की तो उडायचं होता होईल तो टाळतो. आधी पळतो, गवतातनं, तरवडातनं, मान खाली घालून. अगदी पायाशी गेलात तरच भर्रकन उठतो. कारवान कुत्रं इथं काही कामाचं नाही. ते नजरेचं कुत्रं आहे. लांब तोंड, लांब पाय, पोट पाठीला चिकटलेलं. उघड्या माळावर ससा दिसला तर ते बाणासारखं जातं, पण झुडपाखाली दडलेला तितर त्याला दिसणार कसा? त्याला पाहिजे नाकाचं कुत्रं, आणि तेही बुटकं, जाळीखाली शिरणारं.

तसलं कुत्रं आमच्याकडं कुणी घडवलं नाही, कारण गरज पडली नाही. आमच्याकडं फासेपारधी होते. शिकवलेला तितर पिंजऱ्यात ओरडायला ठेवायचे, रानातला तितर भांडायला यायचा आणि फाशात अडकायचा. बंदूक नाही, बार नाही. त्या लोकांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का कागदावरनं १९५२ साली पुसला. पण फाशात सापडलेली गाभण हरणी आणि पाडस ते सोडून देत, हे अभ्यास करणाऱ्यांनी लिहून ठेवलंय. पुढं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आपल्याकडची शिकार बंद होत गेली. ते बरंच झालं. म्हणजे भाच्याचा प्रश्न आपल्या मातीतला नाही, तिथल्याच मातीतला आहे, आणि उत्तरही तिथलंच पाहिजे.

भाच्यानं मला एकेक जात फोटो दाखवून, पक्षी उठवतानाचे व्हिडिओ दाखवून समजावली. मी दहावी शिकलेला माणूस, पण जनावराच्या चालीवरनं मला बरंच कळतं.

पहिलं कॉकर स्पॅनियल. मूळ इंग्लंडचं. वूडकॉक नावाचा पक्षी झुडपातनं उठवायचं याचं काम, त्यावरनं नाव पडलं कॉकर. वजन बारा-चौदा किलो. हे कुत्रं बंदूकवाल्याच्या पुढं वीस-पंचवीस पावलांत नागमोडी फिरतं, नाक जमिनीला, शेपूट सारखी हलती, आणि पक्षी सापडला की उठवतं. दुसरं ब्रिटनी. फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातलं, चौदा ते अठरा किलोचं, पायानं उंच. याची बरीच पिल्लं आखूड शेपटीचीच जन्मतात. हे पक्षी उठवत नाही. वास लागला की एक पाय उचलून दगडासारखं उभं राहतं आणि धनी येईपर्यंत हलत नाही. उठवायच्याऐवजी असं दाखवून देतं म्हणून अमेरिकेत १९८२ साली त्याच्या नावातला स्पॅनियल हा शब्दच काढून टाकला.

तिसरं बॉयकिन स्पॅनियल, तपकिरी रंगाचं, निव्वळ अमेरिकेचं. याची गोष्ट मला फार आवडली. असं सांगतात की साउथ कॅरोलायनात स्पार्टनबर्ग गावी एका माणसाला देवळाच्या, म्हणजे चर्चच्या वाटेवर एक भटकं तपकिरी कुत्रं भेटलं. त्यानं ते व्हिट बॉयकिन नावाच्या आपल्या शिकारी मित्राकडं धाडलं. ते एवढं हुशार निघालं की त्याच्यापासनं जात सुरू झाली. नदीच्या दलदलीत लहान होडीत बसून जायचं असे, मोठ्या कुत्र्यानं होडी कलंडायची, म्हणून चण लहान ठेवली. १९८५ साली ते त्या राज्याचं मानाचं कुत्रं ठरलं. म्हणजे मूळ पुरुष आमच्या गोठ्यातल्या भिजलेल्या पिल्लासारखाच, कुणी न निवडलेला!

आणि एक गोष्ट ऐकून मी रात्रभर विचार करत होतो. इंग्लंडात पूर्वी एकाच वेताची पिल्लं मोठी झाली की वजनावर वाटली जायची. पंचवीस पौंडांच्या, म्हणजे साधारण सव्वाअकरा किलोच्या आतलं ते कॉकर, त्याच्या वरचं ते स्प्रिंगर. आई एक, बाप एक, दूध एक, आणि तराजूच्या काट्यावर जात वेगळी. १८९० च्या सुमाराला त्यांच्या वेगवेगळ्या जाती कागदावर मांडल्या आणि मग त्यांच्यात सोयरीकच बंद झाली. जात म्हणून ज्याचा एवढा तोरा असतो ती कुठनं येते, हे यावरनं ध्यानात यावं. माणसाला काय हवं होतं, तिथनं ती येते. कुत्र्याच्या अंगात आपलीच गरज आपण पिढ्यान् पिढ्या भरत गेलो आणि नंतर म्हणायला लागलो, की त्याचा स्वभावच तसा.

गरज बदलली की कुत्रंही बदलतं. तेच कॉकर अमेरिकेत गेलं, लोकांना त्याचे डोळे आवडले, लांब रेशमी कान आवडले. १९४० च्या दशकात तिथं सगळ्यात जास्त नोंदणी याच कुत्र्याची व्हायची. लोक केस बघून पिल्लं निवडायला लागले, डोळे बघून निवडायला लागले. नाक कुणी बघेना. आज तिथल्या बऱ्याच कॉकरच्या अंगावर जमिनीला टेकणारे केस आहेत. तसलं कुत्रं कुसळी गवतात सोडलं तर दहा मिनिटांत गोखरूचा गोळा होऊन बसेल. इंग्लंडातही कामाचं कॉकर वेगळं आणि मिरवायचं कॉकर वेगळं झालंय. आमच्या खिलारचं काय वेगळं झालंय? नांगराला ट्रॅक्टर आला आणि बैल राहिला शर्यतीला नाहीतर यात्रेत मिरवायला.

म्हणून मी भाच्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही. "रंग बघू नको, कान बघू नको, कागद तर शेवटी बघ. पिल्लाचे आईबाप रानात काम करताना डोळ्यांनी बघ. आई कशी चालते, हाक मारल्यावर वळते का, दमल्यावर चिडते का, ते बघ. आई शांत असेल तर पिल्लू घे."

लहान चणीचा फायदाही सांगितला आणि तोटाही. लहान कुत्रं काटेरी जाळीखालनं जातं, मोटारीत मावतं, कमी खातं, घरात अडचण करत नाही. पण तिथं गुडघाभर बर्फ पडतं, गवत छातीएवढं असतं. मोठं कुत्रं जिथनं चालत जाईल तिथं लहान कुत्र्याला उड्या माराव्या लागतात. ते लवकर दमतं, आणि मन एवढं मोठं असतं की दमलं तरी थांबत नाही. थांबवायचं काम धन्याचं. कुसळ कानात, पायाच्या बोटांत शिरतं आणि आत सरकत जातं. संध्याकाळी घरी आल्यावर आधी कुत्र्याचे कान आणि पंजे तपासायचे, मग आपले बूट काढायचे.

आता आक्काचा प्रश्न. पाप कुणाचं?

शिकारीचं कुत्रं पाखरू मारतं असं आपल्याला वाटतं. ही कुत्री मारत नाहीत. ती शोधतात आणि पडलेलं पाखरू तोंडात उचलून आणतात, ते तोंड इतकं मऊ की पिसाला धक्का लागू नये. मांजर पिल्लाला मानगुटीला धरून नेतं तसं. फेजंटचा कोंबडा मोठा चिवट असतो. छर्रा पंखाला लागला तर तो खाली पडतो आणि उडता येत नाही म्हणून पळत सुटतो, गवतात शिरतो. माणसाला तो सापडत नाही. मग तो तिथंच दोन दिवस तडफडतो, नाहीतर कोल्ह्याच्या तोंडी जातो. ज्याच्याजवळ चांगलं कुत्रं आहे त्याचं जखमी पाखरू असं मागं राहत नाही. म्हणजे शिकार करायचीच असं ज्यानं ठरवलंय, त्याच्यासाठी कुत्रं ही हौस नाही. आपण घातलेला घाव अर्धवट सोडायचा नाही, त्यासाठी ते आहे. हे मी आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "घाव घालायचाच कशाला मग?"

खरं आहे. कशाला? पोटासाठी म्हणावं तर भाच्याचं पोट भरलेलं आहे. पारध्याच्या फाशामागं भूक होती, याच्या बंदुकीमागं नाद आहे. या दोन्हींना मी एका तराजूत घालणार नाही.

पण मग मला वनपर्वातली धर्मव्याधाची गोष्ट आठवली. आक्कानं ती कीर्तनात दहा वेळा ऐकली असेल. कौशिक नावाचा तपस्वी झाडाखाली बसलेला, वरनं बगळी त्याच्या अंगावर घाण टाकते, तो रागानं वर बघतो आणि बगळी मरून पडते. त्याच कौशिकाला पुढं एक घरसंसारी बाई सांगते, की धर्म शिकायचा तर मिथिलेला जा आणि मांस विकणाऱ्या व्याधाला विचार. पाखरू मारलं ते तपस्व्यानं आणि धर्म सांगितला तो खाटकानं. तो व्याध सांगतो, की लोक शेतीला चांगलं म्हणतात, पण नांगरानं जमिनीतले किती जीव मरतात! ही ओळ नांगर धरणाऱ्या माणसानं ऐकली की त्याला दुसऱ्याच्या पापाचा हिशोब एवढ्या सहज मांडता येत नाही.

आमच्या माळाचंच बघा. शिकार बंद होऊन इतकी वर्षं झाली, मग तितर वाढायला पाहिजे होते. पण आमच्या भागात पाणी आलं, डाळिंब आलं, द्राक्ष आलं, माळ फोडून सपाट झाला. बांधावरच्या बोरी आणि तरवड जेसीबीनं निघाले. तितर झुडपाखाली नुसती जमीन उकरून अंडी घालतो. झुडूपच नाही, तर घालणार कुठं? फवाऱ्यानं किडे मेले, तर पिल्लं खाणार काय? यात कुणी बंदूक उचलली नाही. कुणाच्या गळ्यातली माळ तुटली नाही. पाणी आलं म्हणून पोरं शिकली, हेही खरं. पण पहाटेचा आवाज कमी झाला तो झालाच.

भाचा सांगतो, तिकडं फेजंट हा पक्षीच मुळात त्यांचा नाही. १८८१ साली चीनमधनं आणून ओरेगॉन राज्यात सोडला, तिथनं पसरला. भाच्यासारखाच बाहेरनं आलेला आणि तिथलाच झालेला! साउथ डकोटात १९१९ साली त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला आणि पुढं तो त्या राज्याचा मानाचा पक्षी ठरला. दिवसाला तीनच कोंबडे मारायचे, कोंबडीला हात लावायचा नाही. पारध्याच्या गाभण हरणीची आठवण झाली मला. बंदुका आणि काडतुसांवर १९३७ पासनं कर आहे, तो पैसा रानाच्या आणि प्राण्यांच्या राखणीला जातो. १९८५ पासनं अशी योजना आहे, की शेतकऱ्यानं जमीन न पिकवता गवताखाली ठेवली तर सरकार त्याला वर्षाला भाडं देतं. त्या गवतात फेजंट अंडी घालतो. म्हणजे मारणारेच त्याचं घर राखतात आणि न मारणारे आम्ही त्याचं घर मोडतो, असं काहीतरी उलटं होऊन बसलंय. यानं मारणं पुण्याचं ठरत नाही. एवढंच कळतं, की हात रक्तानं भरले नाहीत म्हणजे माणूस सुटला, असं नाही.

मग कुत्र्याचं काय? मला वाटतं, या सगळ्यात निष्पाप असलं तर ते कुत्रंच. त्याला पाखराचा वास आला की त्याचं सगळं अंग थरथरतं, त्या आनंदात द्वेष नसतो. आनंद आपण त्याच्या रक्तात घातला, आपल्या कामासाठी. म्हणून त्याचं देणं आपल्यावर आहे. ते देणं शिकारीपुरतं नाही. तिथला हंगाम ऑक्टोबरच्या मध्यानंतर सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. साडेतीन महिने. त्यात माणूस शनिवार-रविवारी जाणार, म्हणजे फार तर तीस दिवस. आणि कुत्रं जगतं बारा-तेरा वर्षं. वर्षातल्या तीस दिवसांसाठी निवडलेल्या जीवाला उरलेले तीनशे पस्तीस दिवसही भूक लागते, धावावंसं वाटतं, माणूस पाहिजे असतो. कामाचं रक्त असलेलं कुत्रं दिवसभर बंद घरात ठेवलं तर ते आधी चपला फाडतं, मग स्वतःचे पाय चावत बसतं.

स्पेनमध्ये गाल्गो नावाची सशाच्या शिकारीची कुत्री आहेत, दिसायला आपल्या कारवानच्या मावसभावासारखी. दर वर्षी हंगाम संपला की त्यातली कितीतरी रस्त्यावर सोडून देतात. शिकारी क्रूर कधी होतो म्हणाल, तर मला वाटतं तेव्हा. पाखरावर बार टाकताना जेवढा नाही तेवढा.

आमच्या वडिलांनी शेवटचा बैल बसता होईपर्यंत दावणीला ठेवला होता. दोन वर्षं तो कामाचा नव्हता. दुष्काळ होता, कडबा विकत आणावा लागायचा. शेजारी म्हणायचे, "बाजार दाखवा त्येला." वडील म्हणायचे, "त्यानं बावीस एकर नांगारलंय, त्याचं खाल्लेलं अजून आपल्या अंगात हाय." याहून मोठं तत्त्वज्ञान मला पुस्तकात सापडलं नाही.

तेव्हा भाच्याला मी शेवटी असं सांगितलं. कामाच्या वंशातलं कॉकर बघ, तुझ्या घराला आणि तिथल्या गवताला ते जुळेल. ब्रिटनीला जास्त धाव लागते, तेवढं अंगण तुला नाही. पण आधी एक वर्ष बिनकुत्र्याचा रोज पहाटे तासभर चालून बघ. थंडीत, बर्फात, कंटाळा आला तरी. ते जमलं तर कुत्रं घे. जे पाडशील ते शोध, जे शोधशील ते खा, आणि जे खाणार नाहीस त्यावर बार टाकू नको. एखाद्या वर्षी बंदूक नको वाटली तर घरी ठेव, कुत्र्याला मात्र रानात ने. त्याला पाखराचा वास पुरतो.

हे सगळं मी आक्कालाही वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाखरांचं त्याचं तो आणि देव बघतील. पण त्याला सांग, कुत्रं म्हातारं झाल्यावर कुणाच्या दारात सोडलंस, तर माझं दार तुला बंद." आणि त्या रात्री तिनं स्वतःच पोराला फोन लावला.

पाखरू मारावं का, याचं उत्तर आक्काकडं आहे आणि भाच्याकडं नाही, किंवा भाच्याकडं आहे आणि आक्काकडं नाही, असं मला म्हणवत नाही. पण जीव आपल्या कामासाठी निवडला, की काम संपल्यावरही तो आपलाच, यावर दोघांचं एकमत झालं. धर्मराज स्वर्गाच्या दारात अडला तो याच मुद्द्यावर. ते कुत्रं कुठल्या जातीचं होतं, हे व्यासांनी लिहिलेलं नाही.